आदिमाता एकच होती का?

नवरात्र जवळ आलं की नागपुरातल्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. हजारो वर्षांपूर्वी जगभर एकाच देवीची पूजा होत होती, ती आदिमाता. समाजाचा कारभार बायांच्या हातात होता, लढाया नव्हत्या. मग घोड्यांवर बसून पुरुषदेवांचे भक्त आले आणि त्यांनी देवीला खाली ओढलं. सोबत दगडात कोरलेल्या एका जाडजूड बाईचा फोटो असतो. तिला चेहरा नसतो.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्याला देवीबद्दल आणि बायांबद्दल मनापासून काहीतरी वाटत असतं, आणि ते मला मोलाचं वाटतं. म्हणूनच हा विषय नीट उलगडून सांगायचा आहे. खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि तिचे कितीतरी धागे आपल्या विदर्भातच सापडतात.

मेसेजात तीन दावे एकमेकांत गुंफलेले आहेत. जगभर देवी एकच होती. देवीची पूजा होती म्हणजे बायांची सत्ता होती. आणि ती सत्ता बाहेरून आलेल्यांनी मोडली. एका दमात वाचलं की तिन्ही खरे वाटतात. सुटे केले की प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

ही मांडणी फार जुनी नाही. १८६१ साली योहान याकोब बाखोफेन या स्विस कायदेपंडिताने लिहिलं की मानवी समाजाची सुरुवात आईच्या सत्तेतून झाली. त्याच्यापुढे ग्रीक-रोमन पुराणकथा आणि जुने ग्रंथ होते, उत्खनन नव्हतं. पुढे आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला ग्रीसच्या क्रीट बेटावर नोसॉस इथे हातात साप धरलेल्या स्त्रियांच्या मूर्ती मिळाल्या आणि त्याने त्यांत एक महान देवी पाहिली. १९३१ साली मोहेंजोदडोचा अहवाल निघाला, त्यात जॉन मार्शल यांनी तिथल्या मातीच्या स्त्रीमूर्तींना मातृदेवता ठरवलं. या सगळ्याला सगळ्यांत भक्कम रूप दिलं ते मारिया गिंबुटास या लिथुआनियात जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, १९७४ पासून पुढे. आग्नेय युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा धर्म देवीचा आणि शांततेचा होता, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांनी तो मोडला, असं त्यांचं म्हणणं.

गिंबुटासबाईंना न्याय द्यायलाच हवा. त्या गवताळ प्रदेशातून युरोपात मोठं स्थलांतर झालं हे त्यांनी ठामपणे सांगितलं तेव्हा अनेकांनी नकारार्थी मान हलवली होती. २०१५ साली प्राचीन हाडांतल्या डीएनएने ते स्थलांतर सिद्ध केलं. घसरली ती देवीबद्दलची मांडणी. पीटर उको या संशोधकाने १९६८ मध्येच इजिप्त आणि क्रीटच्या जुन्या मातीच्या मूर्ती एकेक करून तपासल्या होत्या. त्यांतल्या कित्येक मूर्ती बाईच्या की पुरुषाच्या हेच सांगता येत नव्हतं. त्यांना देवी म्हणण्याआधी बाई तरी ठरवायला हवी होती.

आता त्या फोटोतल्या बाईकडे येऊ. ती ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फ गावी १९०८ साली सापडली. उंची ११ सेंटिमीटर, म्हणजे मुठीत मावेल एवढी. वय २५,००० वर्षांहून जास्त. चुनखडीच्या दगडाची, एकेकाळी गेरूने माखलेली. मोठे स्तन, मोठं पोट, बारीकसे हात आणि तोंडाच्या जागी डोक्याभोवती फिरणाऱ्या गाठींच्या ओळी. पावलं नाहीत, त्यामुळे ती उभी राहत नाही. २०२२ साली दगडाची तपासणी झाली तेव्हा तो बहुधा उत्तर इटलीतला असल्याचं दिसलं. म्हणजे ती आल्प्सच्या पलीकडून, भटक्या शिकाऱ्यांच्या सोबतीने, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत आली असणार. तिच्याहून जुनी मूर्ती दक्षिण जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली मिळाली. मॅमथ हत्तीच्या दातातून कोरलेली, जेमतेम ६ सेंटिमीटरची, किमान ३५,००० वर्षांपूर्वीची. तिला डोकंच नाही. त्या जागी दोरा ओवायला कडी आहे.

चेकियातल्या डोल्नी वेस्टोनित्से इथली मूर्ती मला या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. ती मातीची आहे आणि भाजलेली आहे, भांडी भाजायची कला यायच्या हजारो वर्षं आधी. तिच्या अंगावर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा उमटला आहे. त्याच ठिकाणी भट्ट्यांभोवती भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे पडले होते. ते तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की ओली माती मुद्दाम आगीत टाकली जात होती, म्हणजे मूर्ती तडकून फुटावी. तसं असेल तर मूर्ती जपून ठेवण्यापेक्षा ती आगीत घालण्याचा क्षणच त्या लोकांना महत्त्वाचा असेल. आपण काचेच्या कपाटात जपतो आहोत ते त्यांच्या विधीतलं उरलंसुरलं.

या मूर्ती देवींच्या होत्या का? गळ्यात घालायचा ताईत, बाळंतपणाची राखण, मुलींना शिकवायची वस्तू, गरोदर बाईने स्वतःकडे खाली पाहून घडवलेलं स्वतःचं रूप, असे सगळे अर्थ अभ्यासकांनी सुचवले आहेत. एक गोष्ट मात्र साध्या हिशेबाने कळते. होले फेल्सपासून पहिल्या शेतकऱ्यांपर्यंत २५,००० वर्षांचं अंतर आहे. आपल्या ऋग्वेदापासून आजपर्यंतचा काळ त्यात सात-आठ वेळा बसेल. एवढ्या काळात, शेकडो बोली बोलणाऱ्या टोळ्यांत एकच देवी आणि एकच धर्म टिकला असेल, हे मानायला फार मोठा पुरावा हवा. तसा पुरावा कुठेच नाही.

शेतीच्या काळात आलो की प्रश्न आणखी रंगतदार होतो. तुर्कस्तानातलं चातालह्योयुक हे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं दाट वस्तीचं गाव. घराला घर चिकटलेलं, रस्ता नाही, छतावरून खाली उतरायचं. १९६१ साली जेम्स मेलार्ट या पुरातत्त्वज्ञाला तिथे धान्याच्या कणगीत एक मूर्ती मिळाली. आसनावर बसलेली स्थूल बाई, दोन्ही हात दोन मोठ्या मार्जारांच्या अंगावर. सिंहवाहिनी देवीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ती लगेच ओळखीची वाटते. मेलार्टने तिथे मातृदेवतेचा धर्म जाहीर केला. १९९३ पासून इयान हॉडर यांच्या चमूने तीच जागा पुन्हा खणली, या वेळी प्रत्येक मूर्ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती हे टिपून ठेवत. चित्र पालटलं. बहुतेक मूर्ती जनावरांच्या निघाल्या आणि पुष्कळशा उकिरड्यात मिळाल्या, घडवून, वापरून टाकून दिलेल्या. २०१६ साली एक अखंड संगमरवरी बाई मिळाली, किलोभर वजनाची; ती मात्र मुद्दाम जपून पुरलेली होती. तिच्याकडे पाहून आता काही जण म्हणतात की ती देवी नसून गावातली मानाची म्हातारी असेल.

बायांचा मान होता की नव्हता, याचं उत्तर मात्र मूर्तींऐवजी हाडांनी दिलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात असं दिसलं की चातालह्योयुकच्या घरांत जमिनीखाली पुरलेल्यांची नाती आईकडून जुळतात, आणि लहान मुलींच्या दफनात मुलांपेक्षा कितीतरी जास्त वस्तू ठेवल्या आहेत. लेक घरी राहत होती, जावई येत होता, असं त्यातून वाटतं. ही फार मोठी बातमी आहे. पण लेकीचं घर आणि बायांचं राज्य यांत अंतर आहे, आणि देवीचा मुद्दा तर तिसराच.

मूर्ती वाचणं किती अवघड असतं हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये, कारण आपल्याकडे भुलाबाई आहे. भाद्रपदी पौर्णिमेला ती बसते. कुंभाराकडून आणलेली मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, कधी सोबत लहानगा गणोबा. महिनाभर संध्याकाळी मुली जमतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. गाण्यांत सासर, माहेर, रुसवे, डोहाळे, बाळंतपण सगळं येतं. शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा करायचा, त्यात तिला बसवायचं आणि खेळ संपवायचा. आता समजा, गाणी विसरली गेली, मुली गेल्या, महिना विसरला, आणि मातीत फक्त भाजलेल्या भुलाबाईचा अर्धा तुकडा उरला. सापडलेल्याने तिला देवी म्हटलं तर खरंच, ती पार्वती आहे. खेळणं म्हटलं तरी खरं, ती मुलींच्या खेळातली आहे. सासरी जाण्याआधीची शिकवणी म्हटलं तरी चूक नाही. देवी की खेळणं, असा सरळ सवाल करणाऱ्याला भुलाबाई कळणारच नाही. जुन्या मूर्तींबद्दलचे निम्मे वाद याच सवालातून निघाले आहेत.

म्हणून जाणकार आधी जागा विचारतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उदाहरण महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे. डेक्कन कॉलेजच्या चमूने, ह. धी. सांकळिया आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली, १९६८ पासून तिथे ताम्रपाषाणयुगातलं शेतकऱ्यांचं गाव खणलं. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली, मुद्दाम पुरलेली, झाकण असलेली मातीची लांबट गोल डबी मिळाली. तिच्यासोबत दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. एकीला डोकं आहे, दुसरीला मुळातच घडवलेलं नाही. त्या बिनडोक्याच्या मूर्तीला पोटाशी भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही. दोन्हींत काडी घातली की ती बैलावर बसते. कच्ची माती पाण्याने विरघळते. म्हणजे ही वस्तू रोजच्या हाताळणीची नव्हती. पुरली कोपऱ्यात, डबीसकट, सगळं जागच्या जागी. इथे देवी म्हणायला मला काहीच अडचण वाटत नाही, आणि ते मूर्तीच्या रूपामुळे नाही, तिला ज्या काळजीने ठेवलं त्यामुळे.

हीच कसोटी सिंधू संस्कृतीला लावा. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या स्त्रीमूर्ती देखण्या आहेत. पंख्यासारखा शिरोभूषणाचा थाट, दोन्ही कानांशी वाट्या, गळ्यात माळांवर माळा. काही वाट्यांत काजळी दिसते, म्हणजे तिथे तेलवात किंवा धूप जळला असावा. तो विधीकडे बोट दाखवतो. पण बहुतेक मूर्ती रस्त्यांत, घरांत, कचऱ्यात फुटक्या मिळाल्या. देवळात नाही, कारण निःसंशय देऊळ म्हणता येईल अशी वास्तूच त्या शहरांत सापडलेली नाही. शिवाय लोथल, कालीबंगासारख्या ठिकाणी अशा मूर्ती अगदी मोजक्या. साऱ्या सिंधू संस्कृतीची एकच देवी असती तर गुजरात-राजस्थानने तिला अशी वगळली नसती.

लेखन सुरू झालं की देव्यांना नावं मिळतात, स्वभाव मिळतात, आणि तिथे आदिमातेची गोड कल्पना पार ढासळते. मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली, सगळ्यांत मोठी देवी इनान्ना, पुढे तिलाच इश्तार म्हणत. ती प्रेमाची आणि युद्धाची. आईपण ही तिची मुख्य ओळख नाही. सुमारे इ.स.पू. २३०० मध्ये अक्कडच्या सारगॉन राजाची मुलगी एनहेदुआन्ना ऊर शहरात मुख्य पुजारीण होती. इनान्नेची स्तोत्रं तिच्या नावावर आहेत, आणि जगातली नाव माहीत असलेली पहिली लेखक तीच. त्या स्तोत्रांतली इनान्ना वादळासारखी गर्जते, शत्रूंची दाणादाण उडवते. आईपण तिथे निन्हुरसाग या वेगळ्या देवीकडे होतं. राजे अभिमानाने सांगत की आपण तिचं दूध पिऊन वाढलो. इजिप्तमध्ये होरसला अंगावर पाजणारी आयसिस होती. तिची पूजा रोमन साम्राज्यभर पसरली आणि फिलेचं तिचं देऊळ इ.स.च्या सहाव्या शतकापर्यंत चालू राहिलं.

सिबेलीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटावी अशी आहे. ही आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियाची देवी. इ.स.पू. २०५ साली रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता. रोमन लोकांनी भविष्यवाणीचे ग्रंथ काढले. त्यांत निघालं की देवीला आणा, शत्रू जाईल. पुढच्या वर्षी जहाजातून देवी आली. ती एक काळा दगड होती. पुढे मूर्ती घडवली तेव्हा चेहऱ्याच्या जागी तोच ओबडधोबड दगड बसवला. इ.स.पू. १९१ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर तिचं देऊळ उभं राहिलं आणि तिला महामाता म्हणू लागले. युरोपातले अभ्यासक या दगडाबद्दल नवल करत लिहितात. शेंदूर लावलेल्या तांदळ्यापुढे, म्हणजे देव मानलेल्या अनघड दगडापुढे, हात जोडणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. माहूरला रेणुकेचं दर्शन घेताना पूर्ण मूर्ती कुठे असते? मुखच आहे. देवी मानायला मानवी अंगाची गरज नसते, ही जाण फ्रिजियात होती आणि आपल्याकडेही आहे. एवढ्यावरून सिबेली आणि रेणुका एकच, असं मात्र म्हणता येत नाही. सिबेलीचे पुजारी स्वतःला खच्ची करून घेणारे होते आणि रोमच्या नागरिकाला तसा पुजारी व्हायला कायद्याने मनाई होती. रेणुकेच्या कथेत मुलाने बापाच्या शब्दाखातर आईचं मस्तक उडवलं. दोन्हींची दुःखं वेगळी, भक्त वेगळे.

या विषयात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष झालं आहे ते भयंकर आयांकडे. जुन्या जगात जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं मोठी होण्याआधीच जात. प्रत्येक बाळंतिणीला, प्रत्येक सासूला ते माहीत होतं. अशा घरात देवी फक्त देणारी कशी असेल? जी मूल देते ती नेऊही शकते, म्हणून तिला हाक मारायची आणि तिच्यापासून बाळ लपवायचंही. मेसोपोटेमियात लामाश्तू होती, बाळांना पळवणारी. तिला हाकलायला गरोदर बाया पझूझू या दुसऱ्या राक्षसाचं मुंडकं ताईत म्हणून बाळगत. महाभारतात स्कंदाभोवतीच्या मातृका, म्हणजे आईरूपातल्या देवता, मुलांना सोळा वर्षांपर्यंत पीडा देणाऱ्या म्हणून येतात. मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांत काही मातृकांना पक्ष्याचं किंवा जनावराचं तोंड आहे आणि मांडीवर बाळ आहे. वेरूळच्या लेण्यांत ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा अशा शिस्तीत बसलेल्या सप्तमातृका आपण पाहतो, त्या मागाहून देवांच्या शक्ती म्हणून ओळीत आणून बसवलेल्या.

हारीतीची कथा तर विदर्भाच्या वाकाटकांच्या काळात दगडात कोरली गेली. राजगृहाची ही यक्षी, पाचशे मुलांची आई, दुसऱ्यांची मुलं खायची. बुद्धाने तिचं धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली. बुद्ध म्हणाले, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही दशा. ज्यांचं एकुलतं एक तू खाल्लंस त्यांचं काय? त्या दिवसापासून ती मुलांची राखणदार झाली, आणि तिच्या लेकरांना जेवण देण्याची जबाबदारी भिक्षूंनी घेतली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की विहाराच्या भोजनशाळेपाशी हारीतीची प्रतिमा असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, आतल्या बाजूला उजवीकडच्या छोट्या गर्भगृहात ती आपल्या नवऱ्याशेजारी, पांचिकाशेजारी बसली आहे. गर्दीत लोक चित्रं बघत पुढे निघून जातात. थोडं वाकून तिच्या पायाखालची पट्टी बघा. तिथे मुलांची शाळा भरली आहे. गुरुजी छडी घेऊन बसलेत, पुढची मुलं पाटीत डोकं घालून आहेत आणि मागच्यांचा खेळ चालला आहे, एडक्यांची टक्करसुद्धा. एका मूल खाणाऱ्या यक्षीच्या पायाशी कारागिराने वर्गातली मस्ती कोरली, यातच तिची सगळी ओळख आली: हीच ती मुलं, जी तिने आता राखायची.

आपल्या घरात तिची जागा सटवाईने घेतली आहे. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. तिला मान द्यायचा, तिची भीतीही बाळगायची. आणि नागपूरला तर मारबत आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बांकाबाई भोसले यांच्या निषेधातून निघाली असं सांगतात. कुणी तिला पूतना म्हणतात, तीही अंगावर पाजायला आलेलीच. 'ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी हाळी देत लाखोंच्या गर्दीत तिला गावाबाहेर नेतात आणि जाळतात. ज्या बाईच्या हाती रोगराई आहे तिलाच ती घेऊन जायला सांगायचं, हा तोच जुना व्यवहार. मारबतीला लोक देवी म्हणत नाहीत, तरी मिरवणुकीआधी तिची पूजा होते.

मग देवी मोठी असली की बाया मोठ्या होतात का? अथेन्स शहर अथीना देवीच्या नावाने ओळखलं जात होतं आणि तिथल्या बायांना सभेत मत नव्हतं. रोमने महामाता आणली, घरात सत्ता बापाचीच राहिली. उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. तिथून प्रभावतीगुप्ता या राणीने, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या लेकीने, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने किमान तेरा वर्षं राज्य केलं. तिने स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तिच्यावर शंख आहे. शंख कारण ती विष्णूची भक्त होती, ताम्रपटात ती स्वतःला अत्यंत भगवद्भक्त म्हणवते. म्हणजे जी बाई खरोखर सत्ता चालवत होती तिने आधार घेतला तो पुरुषदेवाचा, आणि माहेरच्या गुप्त घराण्याचा. देवीचा इतिहास आणि बायांचा इतिहास शेजारीशेजारी वाहतात, एकात दुसरा मोजता येत नाही.

लज्जागौरीकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. गुडघे दुमडून, मांड्या फाकवून, प्रसूतीच्या आसनात बसलेली देवी. डोक्याच्या जागी उमललेलं कमळ. महाराष्ट्रात तेर, नेवासे, भोकरदन इथे तिच्या छोट्या मूर्ती मिळाल्या, बदामीच्या संग्रहालयातली नागनाथ कोल्लची मूर्ती सगळ्यांत देखणी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ७२ व्या सूक्तात पाय पसरलेल्या उत्तानपदातून पृथ्वी जन्मली असं म्हटलं आहे, आणि काही अभ्यासक या रूपाचं मूळ तिथे शोधतात. मला मात्र आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचा छोटा शिलालेख जास्त बोलका वाटतो. इक्ष्वाकू घराण्यातल्या खंडुवुला राणीने अशी मूर्ती करवून घेतली आणि तिच्यावर स्वतःची ओळख कोरवली: नवरा हयात असलेली, मुलं जिवंत असलेली. राणी असूनही देवीपुढे तिने मागितलं ते हेच, कारण त्या काळात राणीचंही सगळं या दोन गोष्टींवर टांगलेलं होतं.

शेवटी नागपूरजवळच्या कोराडीबद्दल, कारण त्याच मेसेजात हल्ली कोराडीचं नावही जोडलेलं असतं. कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी वृद्धा दिसते अशी श्रद्धा आहे. युरोपातही कुमारी, माता आणि म्हातारी अशी प्राचीन त्रिरूप देवी होती आणि ती हीच, असं त्यात लिहिलेलं असतं. ग्रीकांची तीन देहांची हेकाटी ही देवी होती हे खरं. पण बाईच्या तीन वयांची ती ठरावीक मांडणी रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने १९४८ साली लोकप्रिय केली. कोराडीच्या पुजाऱ्यांना तिचा पत्ताही असायचं कारण नाही. कोराडीच्या देवीची जवळची नातलग पाहायची तर ती आपल्याच त्रिकाल संध्येच्या पोथीत आहे. तिथे एकाच संध्यादेवीचं ध्यान सकाळी कुमारी गायत्री म्हणून, दुपारी तरुण सावित्री म्हणून आणि सायंकाळी वृद्ध सरस्वती म्हणून करायला सांगितलं आहे, आणि वेळेबरोबर तिचा रंग आणि वाहनही बदलतं.